वन्संनी घेतलेली सूट

लोहगडवाडीत गडाच्या वाटेला लागण्याआधी डाव्या हाताला पत्र्याचं एक घर आहे. तिथल्या ओसरीवर तुम्ही पाय ठेवलात की आतून एक बाई तांब्याभर पाणी घेऊन यायची. तुमचं पिऊन होईपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहायची, आणि तुम्ही तोंड पुसलंत की विचारायची, "तुमी अतिरेकी हाय का?"

विचारण्यात राग नसे, संशयही नसे. चहा साखरेचा घेणार का बिनसाखरेचा, त्याच चालीवर विचारणं. पण उत्तर मिळाल्याशिवाय ती आत घेत नसे. पुण्याची पोरं खिदळायची. मग, "हसून न्हाई चालत, तोंडानं सांगा." एकदा पेन्शनीतले एक गृहस्थ भडकले. म्हणाले, "बाई, मी बँकेत मॅनेजर होतो!"

"त्ये न्हाई इचारलं. हाय का न्हाई, येवढंच."

"नाही हो, नाही!"

"मग चप्पल हितं काढा. पिठलं घेनार का आमटी?"

ही बाई म्हणजे माझी नणंद, इंदूवन्सं. वयानं आमच्या ह्यांच्यापेक्षा धाकटी, पण मी कायम वन्संच म्हणत आले आणि त्या मला वैनी. त्यांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. माझी नात मला म्हणते, "आजी, तुमच्या घरातली सगळ्यात भारी बाई कोण?" मी म्हणते, "मी." मग आम्ही दोघी हसतो, कारण दोघींनाही खरं उत्तर माहीत आहे.

तर हा प्रश्न कुठून आला, ते सांगते. त्यात माझाही हात होता.

वन्संच्या घरामागं कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. त्याच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड, म्हणजे साती आसरा. पाण्याच्या बाया त्या. वन्सं नवी नवरी म्हणून वाडीत आल्या तेव्हा पहिलं हळदकुंकू त्यांनी तिथं वाहिलं होतं. पुढं गडावर येणारी मंडळी वाढली, वन्संनी दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्या. पाटी रंगवणाऱ्यानं विचारलं, नाव काय टाकू? वन्सं म्हणाल्या, "आसरा टाक." पाहुण्यांना वाटायचं, काय छान नाव, आसरा म्हणजे निवारा. वन्सं निवाऱ्याला थारा म्हणत. आसरा म्हणजे फक्त टाक्यावरच्या बाया, आणि आता हे घर.

एका हिवाळ्यात शहरात कुठंतरी काहीतरी सापडलं आणि पोलिसांनी पाहुणे ठेवणाऱ्या सगळ्यांची वाडीच्या शाळेत सभा घेतली. मी तेव्हा तळेगावाहून वन्संकडं चार दिवस आले होते. मी वडगावला कोर्टाशेजारी एका वकिलांकडं टायपिस्ट होते. टायपिस्ट हे जगानं दिलेलं नाव. माझ्या मते मी अर्धी वकीण होते. काळ्या काठाची पांढरी साडी नेसायचे, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवायचे आणि भाजीवाल्याशी बोलतानाही "प्रथमदर्शनी" हा शब्द वापरायचे. प्रथमदर्शनी मेथी शिळी दिसते, असं. आज ती बाई मला रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या बाजूनं जाईन.

सभेत पोलिसांच्या साहेबांनी कायदा सांगितला. अतिरेक्याला जागा दिली, लपवलं, मदत केली, तर देणाराही आत. मागून कोणीतरी विचारलं, "पन सायेब, वळखायचा कसा?"

साहेबांची त्या दिवसातली ही बहुधा चौथी सभा असावी. दमलेल्या आवाजात त्यांनी शब्दच फोडून दाखवला. "अतिरेकी म्हणजे अतिरेक करणारा. न सांगता येतो, न सांगता जातो. कुठं असतो, कुणाकडं राहतो, घरच्यांनाही पत्ता नसतो. बोलायला गोड. आणि गेला की मागं नुसती राखरांगोळी."

वन्सं उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. "सायेब, आमचं मालक."

"काय मालक?"

"त्येच की. तुमी सांगितलं त्ये. अतिरेकी."

साहेबांचा पेन थांबला. "सध्या कुठं असतात?"

"खोपोलीला. दुसरीकडं."

सगळी शाळा हसली. साहेब मात्र अर्धं वाक्य लिहून बसले होते. त्यांनी ते खोडलं, आणि हसायचं का रागवायचं हे न ठरल्यामुळं पाणी प्यायले.

वन्सं खोटं बोलल्या नव्हत्या. दाजींचं, म्हणजे वन्संच्या मालकांचं सगळंच अती. बैलगाड्याच्या शर्यतीचा नाद. बैलांना दूध-अंडी, बायकोला ताक. शर्यत जिंकली तर सगळी वाडी जेवायला, हरली तरी सगळी वाडी जेवायला, आणि रांधायला एकटी वन्सं. एकदा दाजी बैल घेऊन शर्यतीला म्हणून गेले, ते घाट उतरून खोपोलीला दुसऱ्या संसारात जाऊन थांबले. "बैलसुद्धा न्हेलं," हे वन्संना जास्त लागलं होतं.

आता दाजी म्हातारे झाले होते. बैल कधीच गेले, दुसरीही वारली, तिच्या पोरांनी दाजींचं अंथरूण व्हरांड्यात काढलं होतं. मग दाजींना वाडी आठवली. निरोप येऊ लागले, आणि ते पोचवायला आमचे हे! दर दिवाळीला, दर जत्रेला यांचं एकच चालू: "इंदे, झालं गेलं. म्हातारा माणूस आहे. घे घरात." वन्सं थोरल्या भावाला तोंडावर नाही म्हणू शकत नव्हत्या, आणि हो म्हणणं तर त्यांच्या जिवावर येई. हे बाहेर गेले की माझ्याशी बोलत, "वैनी, ही दोन खोल्यांची जागा मी एकटीनं उभी केली. ह्यांचा पाय हितं लागला की घर पुन्यांदा ह्यांचं हुईल, आन् मी रांधनारी."

अशात पोलिसांनी गावाच्या तोंडाशी फलक लावला. वन्सं मला हात धरून घेऊन गेल्या. "वाचा."

मी चष्मा चढवला. "अतिरेक्यांना आसरा देणे हा गंभीर गुन्हा आहे."

"परत वाचा."

मी परत वाचलं. वन्संचं तोंड असं उजळलं की मी त्यांना इतक्या आनंदात त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "माज्या घराचं नाव घातलंय वैनी! सरकारनं सोता सांगितलंय, अतिरेक्यांना आसरा द्यायचं न्हाई."

पुढच्या खेपेला हे आले आणि विषय काढला तेव्हा वन्सं शांतपणे म्हणाल्या, "दादा, मी कुटं न्हाई म्हनते? सरकार म्हनतंय."

हे माझ्याकडं वळले. "अगं, तू कायद्यातली ना? सांग तिला."

आणि मी, गळ्यातला चष्मा नाकावर ठेवून, काय सांगावं? म्हणाले, "प्रथमदर्शनी, कायद्याचा अर्थ शब्दशः लावायचा असतो." झालं! वन्संना वकील मिळाली. यांना महिनाभर माझ्या हातचा चहा गोड लागला नाही.

तेव्हापासून वन्सं कायद्याला घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखं वागवू लागल्या. "कायदा काय म्हनतोय?" असं मला फोनवर विचारायच्या, जसं काही कायदा माझ्या शेजारी पान लावत बसलाय. आणि प्रामाणिकपणा असा, की कायदा मालकांपुरता वापरायचा आणि बाकीच्यांना सोडायचं, हे त्यांना पटेना. "एकाला इचारायचं तर समद्यांना इचाराया पायजे." म्हणून तो ओसरीवरचा प्रश्न.

सगळे नाही म्हणत. मग एक तरुण आला, तो म्हणाला, "हो." एका दिवसात गड चारदा चढून उतरणारा गडी होता. "ऑफिसात मला सगळे अतिरेकीच म्हणतात, मावशी."

वन्सं विचारात पडल्या. अंधारून आलेलं, पोरगं भुकेलं. त्याला हाकलणं त्यांच्यानं होणार नव्हतं, आणि फलक मोडणंही. त्यांनी मार्ग काढला. "हे बग बाबा, आसरा द्यायला बंदी हाय. आसरा म्हंजे ह्यो उंबरा, ह्या दोन खोल्या. गोठ्याचं काय लिवलेलं न्हाई. जेवनाचं बी न्हाई. हात धू."

पोरगं सगुणा म्हशीच्या शेजारी गवतावर झोपलं, सकाळी धारोष्ण दूध प्यायलं आणि परत जाऊन मोबाइलवर वन्संच्या घराला पाच तारे दिले. खाली लिहिलं, खोली घेऊ नका, गोठा मागा. अतिरेकी आहे म्हणून सांगितलं की मिळतो.

पुढं काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. शनिवार-रविवारी मळवली स्टेशनवरून चालत येणारे घोळके लांबूनच ओरडू लागले, "मावशी, आम्ही सहाजण अतिरेकी!" खोल्या ओस आणि गोठ्याला रांग. एक नवपरिणीत जोडपं तर रडवेलं झालं. नवरा हो म्हणाला आणि बायकोच्या तोंडून चुकून नाही गेलं. वन्संनी त्याला गोठ्यात आणि तिला खोलीत घातलं. "मी काय करू, कायदा हाय."

व्हायचं तेच झालं. एका रविवारी गडाच्या पायथ्याला बंदोबस्ताला उभ्या असलेल्या हवालदारानं हे ओरडणं ऐकलं. सहा इंजिनियर, वन्सं आणि पुराव्याला गोठ्यातली चटई, असे सगळे जीपमधून ठाण्यात. मला फोन आला. मी काळ्या काठाची साडी नेसले, यांना बरोबर घेतलं आणि ठाण्यात शिरताच म्हणाले, "माझ्या अशिलाला कोणत्या कलमाखाली आणलंय?"

साहेब सभेतलेच. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही वकील?"

"वकिलांकडं असते," मी म्हणाले. आवाज खाली आला होता.

वन्सं बाकावर ताठ बसल्या होत्या. "सायेब, तुमच्या फलकाला मी बोट लावलं न्हाई. येकाला बी आसरा दिला न्हाई. सगुनाला इचारा."

"सगुणा कोण?"

"म्हस."

साहेबांनी टेबलावर कोपर टेकून दोन्ही हातांनी डोकं धरलं. त्यांचे खांदे हलत होते, रडत असतील असं मला वाटलं, पण नाही. मग सगळ्यांना चहा सांगितला. "अहो बाई, कायदा ज्यांच्यासाठी आहे ती माणसं विचारल्यावर हो म्हणत नाहीत." फलकावरचा आसरा खोडून तिथं थारा लिहा, असा हुकूम दिला, आणि जाताना मला म्हणाले, "तुम्ही कायद्याच्या जवळच्या दिसता. यांना ते कलम एकदा नीट वाचून दाखवा."

माझ्यातली अर्धी वकीण पूर्ण फुलली. पुढच्या रविवारी आमच्या वकीलसाहेबांचं जाड पुस्तक पिशवीत घालून मी वाडीला गेले. ओसरीवर एका बाजूला वन्सं, एका बाजूला हे. मी खाकरून सुरुवात केली. "जो कोणी, एखादी व्यक्ती दहशतवादी आहे हे माहीत असताना, तिला जाणूनबुजून आश्रय देईल किंवा लपवून ठेवील..."

"बराबर," वन्सं म्हणाल्या.

"...त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा..."

"लय बराबर." त्यांनी यांच्याकडं पाहिलं. फलकावर काही का लिहीनात, पुस्तक आपल्याच बाजूचं आहे, असा तो चेहरा.

इथं थांबले असते तर? पण टायपिस्टला पूर्णविराम आल्याशिवाय थांबता येत नाही. त्याच सुरात मी पुढं वाचून गेले, "परंतु, असा आश्रय गुन्हेगाराच्या पतीने किंवा पत्नीने दिला असल्यास हे कलम लागू होणार नाही."

सगुणाच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजली.

"परत वाचा," वन्सं म्हणाल्या. फलकाच्या वेळचेच शब्द, पण सूर तो नव्हे.

मी परत वाचलं. ह्यांनी मांडीवर थाप मारली. "बघ इंदे! जगाला बंदी, पण बायकोला सूट आहे!"

वन्सं मला म्हणाल्या, "वैनी, पुस्तक तुमच्या सायबाचं हाय म्हून. न्हाईतर चुलीत घातलं असतं." मग जरा वेळानं, "ह्यो कायदा कुनी केला?"

"संसदेनं."

"त्यात बाया किती हुत्या?"

"थोड्या असतील."

"तरीच. दरोडेखोर असू दे, अतिरेकी असू दे, घरात घ्यायचं काम बायकूकडंच ठिवलंय."

मी पुस्तक पिशवीत घातलं. त्यानंतर प्रथमदर्शनी हा शब्द माझ्या तोंडून फारसा गेला नाही.

ह्यांनी उशीर केला नाही. आठवड्यातच दाजींना घेऊन आले. जीपमधून उतरलेले दाजी पाहून मला ओळखच पटेना. मिशा पडलेल्या, काखेत एक पिशवी, तिच्यातून बैलांच्या घुंगरमाळेचं टोक बाहेर आलेलं. वाटेत ह्यांनी त्यांना पढवून ठेवलं होतं: ती एक खुळ्यासारखा प्रश्न विचारील, नाही म्हणायचं, विषय संपला.

वन्सं पाणी घेऊन आल्या. दाजी उभ्यानंच प्यायले, तांब्या खाली ठेवला, उपरण्यानं तोंड पुसलं. वन्संचा हात कमरेवर.

"तुमी अतिरेकी हाय का?"

आमचे हे मागून नाही नाही अशी मान हलवत होते. दाजींनी ओसरीकडं पाहिलं, पत्र्याकडं पाहिलं, आसरा ही पाटी वाचली. मग वन्संकडं न बघता म्हणाले, "व्हय."

"किती?"

"लय."

वन्संनी श्वास सोडला. आयुष्यभरात त्या माणसानं त्यांना दिलेलं पहिलं सरळ उत्तर ते असावं. "वैनी, कायदा काय म्हनतोय?"

"बायकोला सूट आहे," मी पुटपुटले.

"आइकलं. पन सूट हाय म्हंजे काय? लोनावळ्याला चिक्कीच्या दुकानावर पाटी असतीय, सूट. म्हून कुनी हात धरून आत वढतंय का? ज्याला पायजे त्यानं घ्यावी, न्हाईतर म्होरं जावं." मग दाजींना, "गोठा मोकळा हाय. शनवार-आयतवार पाव्हनं येत्यात, तवा सगुनाच्या अंगाला सरकायचं."

दाजी गोठ्यात राहिले. ताट वेळेवर जाई, अंथरायला गादी गेली, पांघरायला वाकळ गेली. वन्सं मात्र "पानी ठिवलंय" एवढंच बोलत. शनिवारी इंजिनियर पोरं यायची, दाजी त्यांना शर्यतीच्या गोष्टी सांगत, हरलेल्या शर्यतीही जिंकून दाखवत. मोबाइलवरचे तारे वाढले. एकानं लिहिलं, गोठ्याबरोबर एक अस्सल आजोबाही मिळतात. सगुणा दूध जास्त देऊ लागली. "नवी पेंड चालू केलीय," वन्सं म्हणाल्या. एकदा काडेपेटीसाठी दाजींनी ओसरीवर एक पाय ठेवला. वन्संनी नुसतं पाटीकडं बोट केलं, पाय खाली गेला.

असे दोन हिवाळे गेले. तिसऱ्यात एका सकाळी वन्संचा फोन आला. "वैनी, लय खोकत्यात. सगुनाला पन झोप न्हाई." मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवा. म्हणाल्या, दाखवलं. मागं कोंबड्या ओरडत होत्या.

"वैनी, जरा इचारून सांगा. ती सूट अजून चालू हाय का? का तारीख गेली?"

"चालू आहे, वन्सं."

"बगून सांगताय न्हवं?"

"बघून सांगते. चालू आहे."

"मंग आज घेते," वन्सं म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दाजी आतल्या खोलीत होळीपर्यंत होते. वन्संनी पाहुण्यांना दुसरी खोलीही बंद ठेवली आणि स्वतः उंबऱ्यात अंथरूण टाकलं. मी भेटायला गेले तेव्हा त्या पेज भरवत होत्या आणि दटावत होत्या, "तोंड उगडा. हितं बी अती करू नगा." घुंगरमाळ खुंटीला लावली होती. दाजी गेल्यावर ती वन्संनी सगुणाच्या गळ्यात बांधली. म्हशीला घुंगरमाळ कोणी बांधतं का? वाडी हसली.

पुढं पाहुणे येतच राहिले. पावसाळा सरल्यावर एकदा मी ओसरीवर पावटा सोलत बसले होते. तो गड चारदा चढणारा पोरगा आला, सोबत बायको घेऊन. तिला त्यानं सगळं सांगून आणलेलं, ती आधीच ओठ दाबून हसत होती. वन्सं पाणी घेऊन आल्या. दोघं प्यायले, तोंड पुसलं आणि वाट बघत उभे राहिले. वन्सं तांब्या घेऊन आत निघाल्या.

"मावशी," तो म्हणाला, "या वेळी विचारलं नाहीत?"

वन्सं उंबऱ्यावर थांबल्या. "आता न्हाई इचारत, बाबा. ज्यानं व्हय म्हनायचं हुतं, त्यो म्हनून गेला. या आत."